अडीच बुरुजांचा महाल

सोलापूरहून मंगळवेढ्याला निघालात की गाव चार-पाच किलोमीटरवर राहिलेलं असताना उजव्या हाताला, ऐन ज्वारीच्या रानात, एक महाल दिसतो. निळ्या टोकदार टोप्या घातलेले बुरूज, कमानीच्या खिडक्या, दारापुढं कारंजं. फाटकावर ‘ड्रीम कॅसल लॉन्स’ अशी भली मोठी पाटी आहे, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘चला, अडीच बुरूज कोण हाय?’ असंच ओरडतो. कारण बुरूज खरोखरच अडीच आहेत. डावीकडचा अख्खा, मधला अख्खा आणि उजवीकडचा वरपासून खालपर्यंत सुरीनं कापल्यासारखा अर्धा.

त्या अर्ध्या बुरुजावरून तालुक्यानं मालकाची जी टिंगल केली तिला तोड नाही. कुणी म्हणे सिमेंट संपलं, कुणी म्हणे वास्तुवाल्यानं अडवलं, कुणी म्हणे मालकाची आणि मिस्त्रीची वाटणी झाली आणि अर्धा बुरूज मिस्त्रीच्या वाट्याला गेला. मुळातलं खरं कारण अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस या रस्त्याला कधी फिरकलाच नव्हता. तो सोलापुरात आपल्या घराच्या ओट्यावर पेपर डोळ्याला चिकटवून वाचत बसलेला असायचा. त्याची हकीकत सांगायची तर त्याच्या लेकीपासून सांगावी लागते.

लेकीचं नाव धम्मप्रिया बनसोडे. ती लग्नांचे फोटो काढते, बारा वर्षं झाली. सुरुवातीला तिच्या गळ्यात कॅमेरा दिसत असूनही लोक तिलाच विचारायचे, ‘फोटोवाले कधी येणार?’ ती ‘आले की’ म्हणायची आणि कामाला लागायची. आता तिची तारीख मिळावी म्हणून लोक मुहूर्त मागं-पुढं करतात. हे ती स्वतःच्या तोंडानं कधी सांगणार नाही, म्हणून इथंच सांगून टाकलेलं बरं.

तिच्या कामाची तऱ्हा तिची आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी, बरोबर मुहूर्ताच्या वेळी, ती कार्यालयात जाऊन नुसती उभी राहते. ऊन कुठून येतंय, कुणाच्या तोंडावर सावली पडणार, हे बघते आणि परत जाते. आणि अक्षता पडायला लागल्या की ती खाली मांडी घालून बसते. फोटोवाल्यांची पाठ बघायला लोक शंभर मैलांवरून येत नाहीत, असं तिचं म्हणणं. तिच्या स्वतःच्या लग्नात अंतरपाट नव्हता की अक्षता नव्हत्या. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, पेढे वाटले, झालं. पण दुसऱ्यांची लग्नं बघून बघून ती अशी तयार झाली आहे की घाईतल्या भटजींनी एखादं मंगलाष्टक गाळलं तर आधी हिची भुवई वर जाते.

हात मात्र बापाचा. तिचे आबा, धोंडिराम, एके काळी नव्या पेठेतल्या संगमेश अण्णांच्या स्टुडिओसाठी पडदे रंगवायचे. त्या काळी खेड्यातली नवी जोडपी बाजाराला सोलापुरात आली की एक फोटो काढून जायची. फोटोत मागं काहीतरी भारी पाहिजे, म्हणून धोंडिरामनी महालाचा पडदा रंगवला. महाल त्यांनी कुठं पाहिला होता? बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर. टोप्या झाकणावरून घेतल्या आणि खालचे बुरूज आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचे लावून दिले. काम चाललेलं असताना त्यांची बायको येसूबाई भाकरी घेऊन आली. ती सांगोल्याकडची, माहेराहून आणलेली एक शिंग मोडलेली शेळी तिच्या मागं मागं सगळीकडं हिंडायची. येसूबाईनं पडदा बघितला आणि म्हणाली, ‘एवढा मोठा महाल आन् आत-भाईर कोनच न्हाय व्हय?’ धोंडिरामनी तिथल्या तिथं, दाराशेजारी, ती शेळी काढून टाकली. मोडक्या शिंगासकट.

पडदा पंधरा-सोळा वर्षं चालला. किती जोडपी त्याच्यापुढं उभी राहिली याचा पत्ता नाही. सगळी एकच विचारायची, ‘हात कुटं ठिवू?’ पण पडद्यावर रंगवणाऱ्याचं नाव घालायला अण्णांनी मना केलं होतं. फोटोत अक्षर आलं तर गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणाले. मग फ्लेक्स आले. धम्मप्रिया दहा वर्षांची असताना एका पावसात आबांचं बोट धरून स्टुडिओवरून चालली होती, तेव्हा दारात दोन स्कुटरींवर एक चिंब कापड झाकलेलं तिनं पाहिलं. सगळं विटलेलं, फक्त खाली दारापाशी एका शिंगाची शेळी ओळखू येत होती. आबा तसेच घरी आले, सगळे ब्रश शेजारच्या पाटीवाल्याला देऊन टाकले आणि पुढं वीस वर्षं एका गोदामावर राखणदारी केली. कुणी पडद्यांचा विषय काढला की एवढंच म्हणायचे, ‘खोटं काम हुतं ते. खोट्या महालात जलम गेला.’

त्या पडद्याचा एकही फोटो घरात नाही. ज्याचा फोटो तो घेऊन गेला. धम्मप्रिया लग्नाच्या निमित्तानं ज्या घरी जाई तिथल्या भिंती आधी न्याहाळी. कुठं जोडप्यामागं दोन पायऱ्या सापडत, कुठं खिडकीची कमान, कुठं बुरशीनं निम्मा खाल्लेला काळा चौकोन. अख्खा महाल काही तिच्या हाती लागला नाही. आई तर जाईपर्यंत म्हणायची, ‘माजी शेरडी तेवढी एकदा बगायची हुती गं.’

तर अशी ही धम्मप्रिया. गेल्या माघात तिला सांगोल्याच्या ऋतुजाचा फोन आला. ऋतुजा डाळिंबाच्या बागाइतदाराची लेक, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. नवरा मुलगा पृथ्वीराज माळशिरसचा. पण लग्न ना सांगोल्यात, ना माळशिरसला. तिला महालापुढंच लग्न करायचं होतं, परीकथेतल्यासारखं, म्हणून अडीच बुरूज ठरला होता. रविवार, गोरज मुहूर्त.

“ताई, एकच अट आहे,” ऋतुजा म्हणाली. “तो अर्धा बुरूज एकाही फोटोत दिसता कामा नये. आत्तापासून मैत्रिणी हसतायत मला.”

“नाही दिसणार,” धम्मप्रिया म्हणाली. शब्द दिला. तिच्या धंद्यात शब्द फोटोइतकाच पक्का धरला जातो.

शनिवारी संध्याकाळी ती तिथं पोचली; या कार्यालयात तिचं हे पहिलंच काम. मालक नवनाथ फाटकातच उभा होता. पस्तिशी ओलांडलेला, अंगानं दणकट आणि त्या अर्ध्या बुरुजापायी मनानं पार खचलेला. तिनं काही विचारायच्या आतच सांगायला लागला.

“मॅडम, उजवीकडं बघूच नका. सोमवारी ब्रेकरचं मशीन येतंय. पाडतो आन् पुरता बांधतो. लई झालं. परवा तर एक पावना म्हणला, लग्न बी अर्धंच लावता का ओ?”

धम्मप्रियाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. घड्याळात सव्वासहा होत आले होते. स्टेजवर जाऊन ती उभी राहिली, आणि चकित झाली. माघातला सूर्य नैर्ऋत्येला कललेला, महालाच्या उजव्या अंगाला. तिसरा बुरूज पुरता असता तर सूर्य त्याच्या पाठीमागं गेला असता आणि सबंध स्टेज अंधारलं असतं. पण जिथं बुरुजाची उरलेली बाजू हवी होती तिथं मोकळं आभाळ होतं, आणि त्या फटीतून लाल-पिवळं ऊन सरळ स्टेजवर उतरलं होतं. जिथं अंतरपाट धरतात नेमकं तिथं. पाच-सात मिनिटं राहिलं आणि गेलं. चांगलं ऊन, पण आपल्या काय कामाचं, असं मनाशी म्हणत ती खाली उतरली. शब्द दिलेला होता.

कारंज्यापाशी ती थांबली. दाराशेजारी सिमेंटची शेळी होती, हुबेहूब रंगवलेली. एक शिंग पुरतं, एक मोडकं.

तिनं नवनाथला हाक मारली. “ही शेळी कुणी केली?”

“मिस्त्रीनं. फोटोत हाय म्हनून केली.”

“कसला फोटो?”

नवनाथनं तिला ऑफिसात नेलं. टेबलामागं, देवाच्या तसबिरीशेजारी, एक जुना काळा-पांढरा फोटो मोठा करून लावला होता. फेट्यातला एक काटकुळा तरुण, नाकापर्यंत पदर ओढलेली नवी नवरी. नवनाथचे आई-वडील, रंभाबाई आणि भीमा. फोटोवाल्यानं कसं कोण जाणे, बरंच मागं सरून फोटो काढला होता, आणि त्यांच्यामागं या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा महाल होता. तीन बुरूज, तिसरा, पडद्याच्या कडेला, अर्धा. दाराशेजारी शेळी.

“दादा म्हनायचे, रंभे, तुला येक दिवस खरा असला बांधतो,” नवनाथ सांगत होता. “ते गेले. मग रस्त्यात रान गेलं, त्याचं आलेलं पैसं हितं घातलं. मिस्त्रीला फोटो दिला आन् सांगितलं, ह्यात हाय तसंच बांध, येक इंच इकडं न्हाय का तिकडं न्हाय. मी गेलो हुतो उसाच्या तोडीवर. पंधरा दिसानं येऊन बगतो तर गड्यानं तिसरा बुरूज अर्धाच उबा केलेला! म्हनला, मालक, तुमीच म्हनलाव की, फोटोत हाय तसं.”

धम्मप्रियाला त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. बारा वर्षं ती लोकांच्या भिंती न्याहाळत फिरत होती, आणि तिच्या बापाचा महाल इथं रस्त्याच्या कडेला विटा-सिमेंटचा होऊन उभा होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

“हा पडदा माझ्या आबांनी रंगवलाय,” ती म्हणाली. “आणि ती शेळी माझ्या आईची आहे.”

नवनाथ खुर्चीतून उठला. काय करावं हे न सुचून त्यानं आधी तिला पाणी दिलं, मग स्वतः प्यायला. आणि म्हणाला, “तुमच्या वडलांचा मान हाय मॅडम. पर लोकं हसत्यात ओ. ऋतुजाताई बी झाकाच म्हनाल्यात. सोमवारी मशीन थांबवायचं तर कशाच्या जोरावर थांबवू? तुमीच सांगा की.”

तो बुरूज सोमवारी जाणार होता, आणि तिला एवढंच वाटत होतं की तो पडण्याआधी आबांनी एकदा डोळ्यानं बघावा. बाहेर येऊन तिनं फोन लावला, सगळं सांगितलं.

“आता त्याचं काय लोनचं घालायचंय व्हय?” आबा म्हणाले. “पडदा खोटा, त्याच्यावरनं बांधलेला महाल बी खोटाच. तू तुजं काम कर.”

“आबा, शेळी पण आहे.”

फोन बंद झाला होता. शेळीचं त्यांनी ऐकलं की नाही, ते तिला कळलं नाही.

रविवारी दुपारपासून तिनं झपाटून काम केलं. ऋतुजाला पायऱ्यांवर उभी केली, कमानीत बसवली, ज्वारीच्या कणसांतून चालवली. हुरडा संपून दाणा टणक झाला होता, ताटं डोक्याच्या वर गेली होती, आणि नऊवारीतली नवरी त्यातून येताना इतकी देखणी दिसली की मागं उभ्या बायका फोटो काढायचा सोडून दृष्ट काढत बोटं मोडायला लागल्या. प्रत्येक फोटो उजवीकडून, डाव्या बुरुजाकडं तोंड करून. अर्ध्या बुरुजाचा कोपरासुद्धा कुठं आला नाही. शब्द म्हणजे शब्द.

पाच-सव्वापाचला तिनं कारंजं टिपायला कॅमेरा वळवला तर चौकटीत एक माणूस उभा. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात कापडी पिशवी. शेळीपुढं वाकून, मोतीबिंदूचे डोळे अगदी तिच्या तोंडाजवळ नेऊन तो बघत होता. मग त्यानं मोडक्या शिंगावर हळूच अंगठा फिरवला.

ती धावत गेली नाही. आबांना ते आवडलं नसतं. ती जवळ गेली आणि म्हणाली, “एसटीनं आलात?”

“व्हय. कंडक्टर म्हनला, अडीच बुरूज का? म्हनलं, व्हय बाबा, अडीचच.” मग इकडं तिकडं बघत म्हणाले, “तुजी आई असाय पायजे हुती.”

तिनं त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. शेजारी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बाई होती. ती रंभाबाई, पण त्या वेळी कुणीच कुणाची ओळख करून दिली नाही. मुहूर्त जवळ आला होता.

स्टेजवर पाट मांडले. पूर्वेच्या अंगाला पृथ्वीराज, पश्चिमेच्या अंगाला ऋतुजा, मधे अंतरपाट धरला. भल्या मोठ्या हॅलोजनच्या उजेडात सगळं पांढरंफटक दिसत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, ज्वारीच्या अक्षता पडायला लागल्या. आमच्याकडं तांदूळ नाही, ज्वारीच. हळद-कुंकवात रंगवलेली टपोरी ज्वारी. धम्मप्रिया ठरवल्याप्रमाणं उजवीकडं, बुरुजाकडं पाठ करून मांडी घालून बसली होती.

आणि तिच्या मानेवर ऊन आलं.

तिनं मागं वळून बघितलं नाही. तिला ठाऊक होतं ते कुठून आलंय. हे ऊन पाच मिनिटं थांबणार. पुन्हा उद्या येईल, पण उद्या इथं ऋतुजा नसेल, आणि बुरूजही नसेल. तिनं स्वतःला सरळ विचारलं: बाई, तू हा फोटो कुणासाठी काढणार आहेस, आबांसाठी की ऋतुजासाठी? आबांसाठी असेल तर गप बसून राहा, ऋतुजानं त्यासाठी पैसे दिलेले नाहीत. मग तिनं अंतरपाटाकडं बघितलं. हॅलोजनच्या भगभगीत उजेडाखाली, अगदी फिकट, पण दिसत होती. कापडावर ऋतुजाची सावली उमटत होती.

ती उठली. बारा वर्षांत मंगलाष्टकं चालू असताना ती पहिल्यांदा उठली. वाकून स्टेज ओलांडून पलीकडं, पृथ्वीराजच्या पायाशी जाऊन बसली आणि नवनाथकडं बघून ओरडली, “लाईट घालवा! सगळे लाईट घालवा!”

“अहो काय करालाव?” ऋतुजाचे मामा भडकले. “ऐन टायमाला लाईट घालवत्यात व्हय? डोकं फिरलंय का बाईचं?”

भटजीसुद्धा एक क्षण अडखळले. नवनाथ बोर्डापाशी हात लावून उभा, घामाघूम. त्यानं एकदा धम्मप्रियाकडं बघितलं, एकदा पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या आईकडं, आणि खटका पाडला.

अंधार नाही झाला. ऊन होतं. त्या अर्ध्या बुरुजाच्या कडेनं ते आत आलं आणि पांढऱ्या अंतरपाटावर नवरीची सावली ठसठशीत उभी राहिली. नाकाची सरळ रेघ, कपाळावरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या, हातातल्या हाराची फुलंसुद्धा मोजता यावीत अशी. पृथ्वीराज पापणी न हलवता ती सावली बघत होता. हजारभर माणसं बघत होती. मामासुद्धा. शेवटचं मंगलाष्टक संपलं, ‘सावधान’ झालं आणि चारी बाजूंनी ज्वारी उडाली; त्या उन्हात दाणा न् दाणा पेटल्यासारखा दिसला. धम्मप्रियानं बोट दाबलं. मग अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली आणि सूर्य गेला.

हार घालून झाले तशी ती थेट ऋतुजाकडं गेली.

“ताई, मी शब्द मोडलाय. एका फोटोत अर्धा बुरूज आलाय. तुम्ही बघा. नको असेल तर तुमच्यासमोर खोडते, कुणाला दिसणार नाही.”

कॅमेरा तिच्या हातात देताना धम्मप्रियानं आबांच्या बाजूला बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. ऋतुजा बघत राहिली. पृथ्वीराजनं मान पुढं घातली, मामांनी चष्मा चढवला.

“ही मी?” शेवटी ऋतुजा म्हणाली. मग पुण्याची भाषा तिच्या तोंडातून गळून पडली आणि सांगोल्याची आली. “अगं बया! ह्यो बुरूज अर्धा हाय म्हनूनच ऊन आलं की! पुरता असता तर मी कुटली दिसतीय? खोडू नका ओ ताई. ह्योच फोटो पयला लावायचा. ह्योच मोठा करायचा!”

कॅमेरा हातोहात फिरला. नवनाथपर्यंत आला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बघता बघता त्याची छाती इतकी फुगली की सफारीचं बटण तुटतंय की काय असं वाटलं. दोन वर्षं ज्या बुरुजापुढं तो मान खाली घालून हिंडत होता, त्याच्याकडं बोट दाखवून तो जो भेटेल त्याला सांगायला लागला, “आपला बुरूज! उन्हासाठी ठिवलाय अर्धा!” याला म्हणतात पडलो तरी नाक वर. मग त्याला एकदम आठवण झाली. त्यानं कॅमेरा परत दिला, पहिल्या रांगेपाशी आला आणि धोंडिरामच्या पाया पडला.

“आई, हे पेंटर. तुज्या फोटोतला महाल ह्यांनी काढलाय.”

धोंडिराम गडबडून उभे राहिले. जन्मात त्यांच्या पाया लेकी-सुनांखेरीज कुणी पडलेलं नव्हतं. भोवती माणसं जमली. नवनाथनं अदबीनं विचारलं, “बाबा, येक इच्यारतो. दोन वरीस झालं डोकं खातोय माजं. तिसरा बुरूज तुमी अर्धाच का काढला? काय अर्थ हुता त्येच्यामागं?”

सगळे कान टवकारून उभे राहिले. भटजीसुद्धा.

“कापड संपलं,” धोंडिराम म्हणाले.

असा हशा पिकला की वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. नवनाथ तर खाली बसून हसला. धोंडिराम मात्र गंभीरपणे समजावून सांगत होते, “गिरनीचा मांजरपाट हुता. पना आठ फुटाचा. मी सुरवातीलाच बुरूज मोठं धरलं. चुकलंच माजं. खोटं काम, त्यात अर्धं.”

“खोटं कसं म्हनता?” शेजारची रंभाबाई बोलली. आवाज बारीक, पण सगळे थांबले. “लगीन झाल्याला म्हयना झाला हुता. ह्येंनी मला तोंड वर करून बगितलं न्हवतं, मी ह्यास्नी न्हाय. घरात वीस मानसं. तुमच्या पडद्याम्होरं उबं राह्यलो, तर फोटोवाला म्हनला, जवळ सरा. तवा ह्येंनी पयल्यांदा माजा हात धरला. फोटोत दिसत न्हाय, पदराआड हाय. ते खोटं न्हवतं बगा.”

धोंडिरामनी मान फिरवली आणि खिशातला रुमाल शोधायला लागले. धम्मप्रियानं त्यांना शोधू दिलं. तिला असा अभिमान वाटत होता की हजार माणसांत ओरडून सांगावं, हा माझा बाप आहे.

नवनाथनं फाटक रंगवून उरलेला काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणवला. उजेड अजून थोडा होता. बुरुजाची कापलेली बाजू सपाट आणि कोरी होती, पाटीसारखी. धोंडिरामनी ब्रश हातात घेतला, त्याचे केस चाचपून बघितले, दोनदा रंगात बुडवून कडेला निथळला. पहिल्या अक्षराची शिरोरेघ एका दमात ओढली. वीस-बावीस वर्षांत ब्रश न धरलेल्या माणसानं, डोळ्यांत मोतीबिंदू असताना, वळणदार टपोऱ्या अक्षरांत लिहिलं:

धोंडिराम पेंटर, सोलापूर.

“आबा, तिथंच उभे राहा,” धम्मप्रिया म्हणाली. “इकडं बघा.”

एवढी जोडपी ज्यांच्या महालापुढं उभी राहिली त्या माणसाला महालापुढं कसं उभं राहायचं हे माहीत नव्हतं. ते ताठ झाले, मग अवघडले. ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. लेकीकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “हात कुटं ठिवू?”

हजारो लोकांना हात कुठं ठेवायचे ते सांगत आलेली ती बाई नुसती कॅमेऱ्यामागं उभी राहिली. तेव्हा नवनाथनं दोन गड्यांना हाक मारली, आणि तिघांनी मिळून सिमेंटची शेळी कारंज्यापासून उचलून बुरुजाशी, त्यांच्या उजव्या अंगाला आणून ठेवली. धोंडिरामनी मोडक्या शिंगावर हात ठेवला आणि समोर बघितलं.

सोमवारी मशीन आलं ते चहा पिऊन परत गेलं. बनसोड्यांच्या घरात आता आबांचा तो फोटो आहे, दारातून आत आलं की समोरच. शेजारी आईचाही फोटो आहे, आणि आबांनी दोन्ही एकाच उंचीवर लावून घेतले आहेत, तिला शेळी नीट दिसावी म्हणून.